लहानपणीचे संस्कार आणि मोठेपणीची धर्मश्रद्धा

लहानपणी घरात धर्म कसा पाळला जातो, कोण पाळतं, किती मनापासून पाळतं किंवा अजिबातच पाळत नाही, या सगळ्याचा माणसाच्या मोठेपणीच्या श्रद्धेवर जो परिणाम होतो तो या नोंदीचा विषय. जगातले बहुतेक लोक आईवडिलांचाच धर्म पुढे चालवतात, आणि ते इतकं सवयीचं झालंय की त्यात काही शोधण्यासारखं आहे असं पटकन वाटतही नाही. पण देशागणिक चित्र खूप बदलतं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण संस्थेने २०२५ मध्ये ३६ देशांची तुलना प्रसिद्ध केली, त्यात भारत, इस्रायल, नायजेरिया, थायलंड इथे ९५ टक्के किंवा त्याहून जास्त प्रौढ ज्या धर्मात वाढले त्याच धर्माचे आहेत, आणि दक्षिण कोरियात मात्र निम्म्या प्रौढांनी लहानपणचा धर्म सोडलाय, नेदरलँड्समध्ये ३६ टक्के, ब्राझीलमध्ये २१ टक्के. म्हणजे संस्कार सगळीकडेच होतात, पण ते किती टिकतात हे आजूबाजूचा समाज त्यांना धरून ठेवतो की नाही यावरही ठरतं. शिवाय माणूस स्वतःला कुठल्या धर्माचा म्हणवतो एवढंच हे आकडे सांगतात, तो आतून काय मानतो ते त्यातून कळत नाही.

लहान मुलाला धर्म म्हणजे नक्की काय वाटतं यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फार छान काम केलं. त्यांनी ज्यू, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट घरातल्या मुलांना थेट प्रश्न विचारले, त्यात एक प्रश्न असा की कुत्रा किंवा मांजर कॅथलिक असू शकतं का? पाच-सहा वर्षांची मुलं धर्म, देश, वंश या सगळ्याची सरमिसळ करतात, सात ते नऊच्या आसपास त्यांच्यासाठी धर्म म्हणजे कृती, अमुक ठिकाणी जायचं, अमुक करायचं, आणि दहा-अकरानंतर कुठे ती म्हणायला लागतात की धर्म म्हणजे काहीतरी मानणं, विश्वास ठेवणं. म्हणजे बघा, मानायचं काय हे कळायच्या कितीतरी आधी करायचं काय हे अंगवळणी पडलेलं असतं.

देवाची कल्पना मात्र मुलं चटकन उचलतात. जस्टिन बॅरेट आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या प्रयोगात बिस्किटांच्या खोक्यात खडे भरून ठेवले होते. मुलांना ते उघडून दाखवलं आणि विचारलं, तुझ्या आईने हे खोकं बंद असताना बघितलं तर तिला आत काय आहे असं वाटेल? तीन वर्षांची मुलं म्हणाली खडे, कारण मला माहीत ते सगळ्यांनाच माहीत असं त्या वयात वाटतं. पाच-सहा वर्षांची मुलं म्हणाली आई फसेल, तिला बिस्किटंच वाटतील, पण देवाला मात्र खडे आहेत हे कळेल. ही मुलं प्रोटेस्टंट घरातली होती, तरी एवढ्या लहान वयात देवाला सगळं कळतं आणि माणसाला नाही हा फरक त्यांना जमतो हे महत्त्वाचं. पॉल हॅरिस यांनी वेगळी बाजू दाखवली. मुलांनी जंतू पाहिलेले नसतात आणि देवही पाहिलेला नसतो, दोन्ही मोठ्यांच्या सांगण्यावरून खरे मानतात, पण जंतूंबद्दल त्यांची खात्री जास्त असते. त्यामागचं एक कारण असं दिलं जातं की जंतूंबद्दल कुणी 'माझा विश्वास आहे' असं म्हणत नाही, हात धू एवढंच म्हणतात, आणि देवाबद्दल मोठी माणसं विश्वासाची भाषा वापरतात म्हणून मुलांना तिथे शंकेला जागा दिसते.

इथून खरा मुद्दा सुरू होतो. मुलं ऐकतात कमी आणि बघतात जास्त. जोसेफ हेन्रिक यांनी २००९ मध्ये मांडलेला विचार असा की एखादी गोष्ट खरी आहे असं नुसतं बोलणं फुकटात होतं, पण त्या गोष्टीपायी माणूस स्वतःचा वेळ, पैसा, आराम सोडताना दिसला की बघणाऱ्याला ती खरी वाटायला लागते. जोनाथन लॅनमन यांनी हा विचार धर्माला लावून पाहिला तेव्हा लहानपणी आईवडिलांना असं वागताना पाहिलेल्यांमध्ये मोठेपणी श्रद्धा टिकलेली जास्त दिसली, आणि जिथे घरात धर्माच्या गप्पा होत्या पण कृती नव्हती तिथे श्रद्धा सोडणारे जास्त दिसले. वडील थकून आले तरी प्रार्थना चुकवत नाहीत, आई स्वतःकडे कमी असताना दुसऱ्याला देते आणि का देते ते विचारल्यावर दोन शब्दात सांगते, हे मूल वर्षानुवर्षं बघत असतं. उलट देव सगळं पाहतो असं मुलाला बजावून स्वतः त्याच्यासमोर खोटं बोलणाऱ्या घरात मूल काय शिकतं हे वेगळं सांगायला नको. धार्मिक शिक्षणाचे वर्ग, पाठांतर, शिबिरं यांच्यावर आईवडील बराच भर देतात, त्यांचा उपयोग होतोही, पण घरात जे दिसतं त्याच्या जोरावरच, एकट्याने नाही. अमेरिकेत किशोरवयीन मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणारे ख्रिश्चन स्मिथ यांचाही निष्कर्ष हाच की मित्र, धर्मगुरू, शाळा यांच्यापेक्षा आईवडिलांचा प्रभाव सगळ्यात मोठा.

पण नुसती कृतीही पुरत नाही, नातं लागतं. व्हर्न बेंग्टसन यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात १९७० च्या सुमारास सुरू केलेला अभ्यास ३५० हून जास्त कुटुंबांच्या चार पिढ्यांवर चालला, आणि त्यातून स्पष्ट दिसलं की आईवडील प्रेमळ, जवळचे वाटत असतील तर त्यांचा धर्म मुलं घेतात, कडक, दूरचे वाटत असतील तर ते कितीही धर्मनिष्ठ असले तरी मुलं निसटतात. त्यात वडिलांच्या मायेचं वजन विशेष होतं. आजी-आजोबांचंही महत्त्व त्यांनी दाखवून दिलं, कधी कधी मधली पिढी सोडून श्रद्धा थेट नातवंडांकडे जाते. मला हा सगळ्या संशोधनातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो, कारण धाकाने धर्म टिकतो अशी समजूत अजूनही खूप घरांमध्ये आहे आणि त्या धाकाची किंमत मूल चुकवतं. नरकाच्या किंवा देवाच्या कोपाच्या भीतीत वाढलेली माणसं मोठेपणी बुद्धीने ते सगळं नाकारतात तरी संकट आलं की 'ही मलाच शिक्षा' असं त्यांच्या पोटात येतं, श्रद्धा गेलेली असते पण भीती मागे उरते.

नात्याचा हा धागा ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या आसक्तीच्या सिद्धांतातून, म्हणजे लहान मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या भावनिक बंधाच्या सिद्धांतातून, पुढे नेला गेला. ली कर्कपॅट्रिक आणि स्वीडनचे पेर ग्रॅनक्विस्ट यांच्या मते देवाशी नातं दोन वाटांनी जुळतं. ज्यांना लहानपणी सुरक्षित वाटलं ते आईवडिलांचाच धर्म किंवा निधर्मीपणा शांतपणे, हळूहळू आपलासा करतात. ज्यांना ती सुरक्षितता मिळाली नाही त्यांच्यातल्या काहींना मोठेपणी एखाद्या भावनिक पडझडीत अचानक देव सापडतो, जे घरी मिळालं नाही ते तिथे मिळतं. म्हणून अचानक झालेल्या धर्मांतराकडे बघताना त्या माणसाचं बालपणही बघावं लागतं.

सगळंच घरावर टाकणं मात्र चुकीचं. २००५ मध्ये मिनेसोटातल्या जुळ्या पुरुषांवरच्या अभ्यासात लॉरा कोनिग आणि सहकाऱ्यांना आढळलं की त्यांच्या आठवणीतल्या लहानपणच्या धार्मिकतेत एकाच घरात वाढल्याचा वाटा ५६ टक्के होता आणि अनुवंशाचा १२, पण मोठेपणी तेच १८ आणि ४४ झाले. म्हणजे घरातून बाहेर पडल्यावर माणसाचा स्वतःचा पिंड बोलायला लागतो. कुठला धर्म हे घर ठरवतं, त्यात किती रमायचं हे पुढे स्वभाव बराचसा ठरवतो.

काही जण तर घरच्या शिकवणीमुळेच घरचा धर्म सोडतात, हे वाचून नवल वाटेल. कॅनडात बॉब अल्टेमायर आणि ब्रूस हन्सबर्गर यांनी कट्टर धार्मिक घरात वाढून श्रद्धा सोडलेल्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. बंडखोरी, वाईट संगत वगैरे काही नव्हतं, खरं बोलायचं आणि खऱ्याचाच शोध घ्यायचा ही घरची शिकवण त्यांनी इतकी मनावर घेतली होती की शंका आल्यावर ती दाबणं त्यांना खोटेपणा वाटला.

श्रद्धा नसणंसुद्धा संस्कारातूनच जातं, आणि फार घट्टपणे जातं. ब्रिटनच्या आकडेवारीवरून डेव्हिड वोआस आणि अॅलस्डेर क्रॉकेट यांनी २००५ मध्ये दाखवलं की दोन्ही पालक धार्मिक असतील तर मूल धार्मिक होण्याची शक्यता साधारण निम्मी, एकच असेल तर त्याच्याही निम्मी, आणि दोघेही नसतील तर मूल जवळपास नक्कीच निधर्मी. पूर्व जर्मनीत कम्युनिस्ट सरकारने १९५४ पासून मुलांसाठी चर्चच्या विधीऐवजी सरकारी दीक्षाविधी पसरवला, १९९० मध्ये देश एक झाला, बंधनं गेली, तरी लोक चर्चकडे परतले नाहीत, कारण तोवर निधर्मी घरात वाढलेली पिढी स्वतः आईबाप झाली होती.

मग मुलाच्या श्रद्धेवर हक्क कुणाचा? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १४ वं कलम मुलाला विचार, विवेक आणि धर्माचं स्वातंत्र्य देतं आणि त्याच कलमात पालकांचा मार्गदर्शनाचा हक्कही मान्य करतं, तोही मुलाच्या वाढत्या समजेला धरून. पण नेमकं वय करार सांगत नाही. जर्मनीत मात्र १९२१ चा कायदा आजही लागू आहे. त्यानुसार १२ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला त्याच्या मनाविरुद्ध दुसऱ्या धर्माच्या संस्कारात घालता येत नाही, आणि १४ पूर्ण झाली की कुठला धर्म मानायचा हे ते मूल स्वतः ठरवतं.