डोक्याला मुका मार: नुसता हादरा की आत रक्तस्राव?

माणूस पडतो, डोकं आपटतं, पण रक्त येत नाही. उठून बसतो, ‘मी ठीक आहे’ म्हणतो. मग भोवतीच्या लोकांकडून दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘टेंगूळ आलंय ना, म्हणजे मार बाहेर निघाला.’ दुसरं, ‘काही झालं तरी याला झोपू देऊ नका.’ पहिलं साफ चुकीचं आहे. टेंगूळ येतं ते कवटीच्या बाहेर, कातडीखाली. हाडाच्या आत काय चाललंय, हे त्यावरून कळत नाही. दुसऱ्या वाक्याकडे पुढे येऊ.

अशा मुक्या मारानंतर आत ज्या गोष्टी घडू शकतात, त्यांतल्या दोघींची सर्रास गल्लत होते. एक म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. दुसरी म्हणजे कवटीच्या आतला रक्तस्राव. सुरुवातीला दोन्हींत डोकं दुखतं, मळमळतं, भोवळ येते. पहिल्या काही मिनिटांत तर अनुभवी डॉक्टरलाही नुसतं बघून खात्रीने फरक सांगता येत नाही.

आधी हादरा. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. धावती बस करकचून थांबली की उभा प्रवासी पुढे फेकला जातो, तसं डोकं अचानक थांबलं तरी मेंदू क्षणभर पुढे जातो, वळतो, पिळला जातो. या ताणाने पेशींमधली क्षारांची घडी विस्कटते. ती परत बसवायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा मंदावलेला असू शकतो. बिघाड कामकाजात असतो, त्यामुळे सीटी स्कॅन सहसा स्वच्छ येतो. ‘स्कॅन नॉर्मल आहे, मग हा नाटक करतोय,’ असं कुणाला म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवं. शुद्ध हरपली नाही म्हणजे हादरा नाही, हेही खरं नाही. बहुतेकांची शुद्ध जातच नाही. ओळखू येणारी खूण वेगळीच असते: माणूस विचारतो, ‘मी पडलो कसा?’ तुम्ही सांगता. दोन मिनिटांनी तो तोच प्रश्न, त्याच सुरात पुन्हा विचारतो. नवी आठवण साठतच नसते. पुढचे काही दिवस उजेड आणि आवाज सहन होत नाही, वाचताना डोकं जड होतं, चिडचिड होते. बहुतेक प्रौढ दोनेक आठवड्यांत बरे होतात, मुलांना महिनाभरही लागू शकतो.

रक्तस्रावाचं गणित वेगळं आहे. कवटी ही बंद जागा आहे आणि ती प्रसरण पावत नाही. आत रक्त साठू लागलं की जागा मेंदूची जाते. कानशिलाजवळचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक रोहिणी जाते. तिथे हाड तडकून ती फाटली, तर हाड आणि मेंदूवरचं जाड आवरण यांच्यामध्ये रक्त वेगाने साठतं. स्कॅनवर ही गुठळी भिंगासारखी फुगीर दिसते. दुसऱ्या प्रकारात आवरणाखालच्या बारीक शिरा तुटतात, रक्त सावकाश पाझरतं आणि स्कॅनवर चंद्रकोर दिसते.

पहिल्या प्रकारातली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे मधला बरा काळ. तो प्रत्येकात येतो असं नाही, पण आला की भल्याभल्यांना फसवतो. 2009 च्या मार्चमध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडातल्या क्वेबेकमध्ये स्की शिकताना सोप्या उतारावर पडल्या. त्या उठल्या, बोलल्या, उपचार नको म्हणाल्या. नंतर डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांनी त्या गेल्या. वय 45. कारण होतं हाच, आवरणाबाहेरचा रक्तस्राव. असं वाचलं की जीव तुटतो, कारण अशा गुठळीखालचा मेंदू कित्येकदा धडधाकट असतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो.

मग फरक कसा ओळखायचा? लक्षणं कुठल्या दिशेने चाललीत ते बघायचं. हादऱ्याचा त्रास सहसा सुरुवातीला जास्त असतो आणि हळूहळू उतरतो. रक्तस्रावात तो चढत जातो. डोकेदुखी वाढतेय, पुन्हा पुन्हा उलट्या होताहेत, माणूस जास्त गुंगत चाललाय, बोलणं अडखळतंय, एका बाजूचा हातपाय लुळा पडतोय, फिट आली, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय, नाका-कानातून पाण्यासारखा द्रव येतोय: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय गाठा. मानेलाही मार असू शकतो, म्हणून पडलेल्याला ओढून उभं करू नका.

आता झोपेचं. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्या, मेंदूला तिची गरज असते. पहिला दिवसभर मात्र कुणीतरी सोबत हवं, आणि अधूनमधून उठवायला सांगितलं असेल तर तो नीट जागा होतो का ते पाहायचं. तपासणीच झालेली नसताना वाढणाऱ्या गुंगीला ‘दमलाय बिचारा’ समजणं, हा खरा धोका. दुखलं म्हणून मनाने अ‍ॅस्पिरिन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

किरकोळ पडण्यालाही लोक फार हलकं घेतात. शुद्ध हरपलेल्या, गोंधळलेल्या किंवा घटना विसरलेल्या रुग्णाचा स्कॅन करायचा का, हे ठरवायला कॅनडातल्या डॉक्टरांनी 2001 मध्ये एक नियमावली मांडली. तिच्यात तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणंसुद्धा धोक्याच्या यादीत आहे. दोन किंवा जास्त उलट्या आणि वय 65 किंवा त्यापुढे, हेही त्या यादीत आहे.

कारणं दोन्हींची तीच: वाहनांचे अपघात, पडणं, खेळातली टक्कर, मारहाण. तान्ह्या बाळाला रागाने गदागदा हलवलं तर कुठेही न आपटता आतल्या शिरा तुटू शकतात. प्रतिबंधात मात्र एक फरक आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा थर स्वतः चेपला जातो आणि डोकं थांबायला किंचित जास्त वेळ देतो. त्यामुळे हाड तडकणं आणि जीवघेणा मार खूप टळतो. दुचाकीस्वारांवरच्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्के कमी आढळला. पण कवटीच्या आत मेंदूचं गरकन वळणं हेल्मेट पुरतं थांबवू शकत नाही, म्हणून हेल्मेट घालूनही हादरा बसू शकतो. यावरून हेल्मेट निरुपयोगी ठरत नाही. फक्त ‘हेल्मेट होतं, म्हणजे काही झालं नसणार’ हा निष्कर्ष काढता येत नाही. पट्टा बांधलेला हवा, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदलायचं, कारण चेपलेला थर पुन्हा फुगत नाही.

हादरा बसलेल्या खेळाडूने त्या दिवशी मैदानात परतायचं नाही. एक-दोन दिवस विश्रांती, मग हलकं चालणं, आणि त्रास वाढत नसेल तरच पुढची पायरी. बरं होण्याआधी दुसरा मार बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा बहुधा कोवळ्या वयात.

म्हाताऱ्या माणसांची गोष्ट आणखी निराळी. वयानुसार मेंदू आक्रसतो, शिरा ताणल्या जातात आणि साध्या धक्क्यानेही तुटतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. बाथरूममध्ये धरायला दांडी, रात्री जाताना दिवा, सरकणारी पायपुसणी काढून टाकणं, चष्म्याचा नंबर आणि झोपेच्या गोळ्या तपासून घेणं, यानेच खूप काही वाचतं. आणि पडल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी आजी अडखळत चालू लागल्या, विसरू लागल्या, दिवसा पेंगू लागल्या, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. सावकाश साठलेलं रक्त असेल, तर कवटीला लहानसं भोक पाडून ते काढता येतं, आणि अनेकांचं चालणं-बोलणं पूर्ववत होतं.