रेसिंग गेम आपटणे (कन्सोल)

कन्सोलवरचा (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स वगैरे) एखादा रेसिंग गेम खेळायला भारी असतो, रिव्ह्यूही बरे येतात, तरी खपत नाही आणि मग बनवणारा स्टुडिओच बंद पडतो. असं बऱ्याचदा झालंय, पण सगळ्यात गाजलेलं उदाहरण मे २०१० चं.

त्या महिन्यात आठवड्याभराच्या अंतराने दोन गेम आले. आधी ब्राइटनच्या ब्लॅक रॉक स्टुडिओचा स्प्लिट/सेकंड, पब्लिशर डिस्ने. यात रेस म्हणजे टीव्हीवरचा रिअ‍ॅलिटी शो, ड्रिफ्ट मारत (वळणावर गाडी आडवी घसरवत) पॉवर भरायची आणि पुढच्याच्या डोक्यावर रस्त्यातलं काहीबाही पाडायचं, एअरपोर्टवर तर चक्क विमान येऊन आदळतं. मागोमाग लिव्हरपूलच्या बिझार क्रिएशन्सचा ब्लर, पब्लिशर अ‍ॅक्टिव्हिजन, म्हणजे मारियो कार्टचा (निन्टेंडोचा कार्टून रेसर्सचा गेम, रेस करता करता एकमेकांवर वस्तू फेकायच्या) मसाला पण खऱ्या कंपन्यांच्या गाड्या, ऑनलाइन २० जण एकत्र. त्याच सुमारास सोनीचा मॉडनेशन रेसर्सही आला, आणि अमेरिकेत स्प्लिट/सेकंडच्याच दिवशी, १८ मे ला, रेड डेड रिडेम्पशन, रेसिंगचा नाही, काउबॉयचा गाजलेला गेम. गिऱ्हाईक तेच, खिशात पैसे एका गेमचे, आता तो काय घेणार!

पण नुसत्या तारखांना दोष देऊन भागत नाही. ब्लरची खरी गोची म्हणजे तो कोणासाठी आहे हेच कळत नव्हतं. कव्हरवर खरी गाडी बघून ग्रॅन टुरिझ्मोवाला (खऱ्यासारखं ड्रायव्हिंग आवडणारा) उचलणार आणि आत पॉवर-अप्स (रस्त्यात उचलायची हत्यारं वगैरे) बघून वैतागणार, आणि ज्याला असली धमाल हवी होती तो गाडी बघूनच पुढे जाणार. त्यात जाहिरातीत गोंडस कार्टून रेसर्सची टिंगल केलेली, म्हणजे जे आले असते त्यांनाच चिडवलं की. लोकांना कार्ट रेसिंग, म्हणजे असली मारियो कार्टछाप धमाल, नकोय असंही नाही, मारियो कार्ट ८ डिलक्स ६ कोटींच्या वर खपलाय.

दुसरं, ऑनलाइन. असल्या गेमची मजा गर्दीत, सुरुवातीला माणसं आली नाहीत की लॉबी (रेस सुरू व्हायच्या आधी खेळाडू जमतात ती जागा) रिकामी, आणि रिकाम्या लॉबीत नवीन कोण थांबतंय. ड्राइव्हक्लबचं (२०१४) तर उलटंच, लोक आले पण सर्व्हरच कोलमडले, आणि गेमचा सगळा डोलारा क्लबवर, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन टीमवर उभा. तो बनवणारा इव्होल्यूशन स्टुडिओ सोनीने २०१६ मधे बंद केला. त्यांच्याच आधीच्या मोटरस्टॉर्म अपोकॅलिप्सचं नशीब तर विचारूच नका, भूकंपाने पडणाऱ्या शहरातली रेस आणि रिलीज मार्च २०११, म्हणजे जपानच्या भूकंपाच्या तोंडावर. जपानमधलं रिलीज रद्दच झालं.

नंतर ‘अरे हा मस्त होता’ म्हणून शोधायला जावं तर खऱ्या गाड्यांचं लायसन्स कायमचं नसतं, ते संपलं की डिजिटल स्टोअरमधून गेम काढावा लागतो. ब्लर आता मिळालाच तर जुनी डिस्क.

बिझार फेब्रुवारी २०११ मधे बंद झाला, ब्लॅक रॉकही त्याच वर्षी. स्प्लिट/सेकंडच्या शेवटी ‘क्रमशः’ अशी पाटी येते, दुसरा भाग मात्र रद्द झाला.