स्टेपनी ते हिवाळी टायर: चाकं घरी बदलण्यामागचा इतिहास

थंड देशातला माणूस ‘हिवाळी टायर घरीच बदलले’ असं सांगतो, तेव्हा टायर त्याने रिमवरून उतरवलेला नसतो. त्याने बदललेलं असतं चाक, दुसऱ्या रिमवर आधीच चढवलेल्या टायरसकट. फरक बारीक वाटतो, पण जॅक आणि पान्यावर तासाभरात हे काम उरकतं ते त्याच्यामुळेच.

सुरुवातीच्या मोटारींचं चाक सहजी निघत नसे. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसायचं, टॉमी घालून टायर उपसायचा, ट्यूब काढून ठिगळ लावायचं, सगळं परत चढवायचं आणि हातपंपाने हवा मारत घाम गाळायचा. त्यात रस्ते घोड्यांच्या नालांच्या खिळ्यांनी भरलेले. यावर वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये तोड काढली: आरे नसलेली एक जादा रिम, तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून जखडायची आणि निघायचं. दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर. डिकीतल्या जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो ते या रस्त्यावरून! पुढे नट सोडले की अख्खं चाक हातात येऊ लागलं आणि मूळची स्टेपनी निकालात निघाली. आपल्याकडे नाव तेवढं राहिलं.

बर्फाचा प्रश्न याला समांतर चालला होता. त्याच १९०४ मध्ये अमेरिकेत हॅरी वीड यांना टायरवर गुंडाळायच्या साखळीचं पेटंट मिळालं. चिखलात अडकू नये म्हणून चालक टायरला दोर बांधत, त्यावरून ही कल्पना सुचल्याचं सांगतात. पण साखळी कोरड्या रस्त्यावर खडखडते आणि गाडीला पळू देत नाही. खास बर्फासाठीचा टायर आला फिनलंडमधून: १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये मोटारीसाठी. मोटारीच्या टायरला नाव दिलं हाकापेलीता, सतराव्या शतकातल्या फिनिश घोडेस्वारांचं. नक्षी खोल आणि ठोकळेदार, भुसभुशीत बर्फात रुतून पकड घेणारी.

१९६० च्या दशकात टायरला धातूचे खिळे आले. गोठलेल्या रस्त्यावर ते उत्तम, पण उघड्या डांबराचा भुगा करत. जर्मनीने १९७५ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. जपानमध्ये तर या भुग्याच्या धुळीने शहरांची हवा बिघडली आणि १९९० मध्ये कायदा करावा लागला. त्याआधीच, १९८८ मध्ये, ब्रिजस्टोन या जपानी टायर कंपनीने तिथे ब्लिझॅक हा बिनखिळ्यांचा हिवाळी टायर आणला होता. बर्फावरचा पाण्याचा पातळ थर घसरवतो. या रबरातली सूक्ष्म छिद्रं तो थरच टिपून घेतात.

माझ्या मते खरी करामत नक्षीपेक्षा रबराची आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होत जातं. हिवाळी रबर मऊ राहतं, मात्र उन्हाळ्यात भराभर झिजतं. म्हणून दोन संच, आणि वर्षातून दोनदा अदलाबदल. जर्मनीत ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ हा ठोकताळा हिवाळी टायरच्या कायद्याच्या आधीपासूनचा. कॅनडातल्या क्विबेकने २००८ मध्ये हिवाळी टायर सक्तीचे केले.

चाकं निघतातच, तर जागाही बदलून घ्यावी, हे ओघाने आलं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात. जुन्या बायस टायरच्या, म्हणजे आतले धागे तिरपे घातलेल्या टायरच्या काळी स्टेपनीसकट पाचही चाकं तिरपी फिरवत. आतले धागे काठापासून काठापर्यंत सरळ आडवे असलेले रेडियल टायर आल्यावर डावं चाक डावीकडेच ठेवायचा सल्ला मिळू लागला: फिरण्याची दिशा उलटली तर आतले पट्टे सुटतील ही धास्ती. नंतर ती ओसरली. डिकीत बारकी तात्पुरती स्टेपनी येऊ लागली आणि पाचवं चाक या फेऱ्यातून गळलं.

घरच्या कामात अलीकडे एक नवीच अडचण शिरली आहे. हवेचा दाब सांगणारी यंत्रणा अमेरिकेत २००७ पासून आणि युरोपात २०१४ पासून नव्या गाड्यांना बंधनकारक झाली. काही गाड्यांत तिचा सेन्सर चाकाच्या आतच असतो. दुसऱ्या संचात तो नसला, की नट नीट आवळूनही डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा वसंतापर्यंत जळत राहतो.