गाण्यांच्या बेकायदा डाउनलोडचे खटले आणि दंडात्मक भरपाई

वादीचे प्रत्यक्ष नुकसान भरून दिल्यावर प्रतिवादीला अद्दल घडावी म्हणून त्याच्यावर वर जी रक्कम बसवली जाते, ती दंडात्मक नुकसानभरपाई. अमेरिकेत २००३ पासून इंटरनेटवरून गाणी उतरवून घेणाऱ्या साध्या माणसांवर खटले भरले गेले आणि त्यांत लाखो डॉलरांचे निवाडे झाले. त्या रकमांना बोलताना सर्रास दंडात्मक भरपाई म्हटले जाते. कायद्याच्या भाषेत मात्र ती वैधानिक भरपाई होती, आणि अखेरचा निकाल याच फरकावर फिरला.

अमेरिकेच्या १९७६ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याचे कलम ५०४ मालकाला एक सोय देते. आपले किती नुकसान झाले ते सिद्ध न करता तो कायद्यातच ठरवून दिलेली भरपाई मागू शकतो. ती दर कृतीमागे, म्हणजे इथे दर गाण्यामागे, किमान ७५० आणि कमाल ३०,००० डॉलर असते. उल्लंघन जाणूनबुजून केलेले असेल तर १,५०,००० डॉलरपर्यंत जाते. हे आकडे १९९९ मध्ये वाढवलेले आहेत. अशा कामांत नुकसान मोजणे खरोखरच कठीण असते, त्यामुळे सोयीमागचा हेतू रास्त आहे. पण हिशेब ‘दर कृतीमागे’ होतो. नफ्यासाठी हजारो कॅसेटी छापणारा आणि घरच्या संगणकावर चोवीस गाणी ठेवणारा, दोघांना एकच फूटपट्टी लागते.

नॅपस्टर ही इंटरनेटवरून एकमेकांना गाणी देण्याघेण्याची सेवा २००१ मध्ये बंद पडल्यावर लोक काझासारख्या संगणक-प्रोग्रॅमकडे वळले. त्यात प्रत्येकाच्या संगणकावरचे एक फोल्डर इतरांसाठी खुले असे. गाण्यांचे हक्क असलेल्या रेकॉर्ड कंपन्यांनी नेमलेले तपासनीस स्वतःच काझावर जात, खुल्या फोल्डरातल्या गाण्यांची यादी उतरवून घेत आणि संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा ओळखक्रमांक, टिपून ठेवत. त्यावरून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडून ग्राहकाचे नाव कायदेशीर मार्गाने मिळवले जाई. सप्टेंबर २००३ मध्ये रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका या संघटनेने पहिल्याच फेरीत २६१ जणांवर खटले जाहीर केले. त्यांत न्यूयॉर्कची बारा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या आईने २,००० डॉलर भरून प्रकरण मिटवले. बहुतेकांनी हेच केले. वकिलाची फीच तडजोडीच्या रकमेपेक्षा जास्त झाली असती, मग लढणार कोण? २००८ च्या अखेरीस संघटनेने ही मोहीम आवरती घेतली, तोवर सुमारे ३५,००० लोक तिच्या कचाट्यात सापडले होते. ज्युरीसमोर गेलेली प्रकरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

त्यातले सर्वांत गाजलेले प्रकरण मिनेसोटातील एका आईचे. तिच्या काझा फोल्डरात १,७०२ गाणी आढळली, पण दावा २४ गाण्यांपुरता होता. ऑक्टोबर २००७ मध्ये ज्युरीने गाण्यामागे ९,२५० डॉलर, म्हणजे एकूण २,२२,००० डॉलर ठरवले. गाणे फोल्डरात नुसते खुले ठेवणे म्हणजेच त्याचे वितरण, असे ज्युरीला सांगण्यात आपली चूक झाली, असे न्यायाधीश मायकेल डेव्हिस यांनी पुढच्या वर्षी मान्य केले आणि फेरसुनावणी लावली. त्याच आदेशात त्यांनी साधा हिशेब मांडला: २४ गाणी म्हणजे साधारण तीन सीडी, किंमत ५४ डॉलरांहून कमी, निवाडा त्याच्या ४,००० पटींहून जास्त. संसदेने कायदा बदलावा, अशी विनंतीही त्यांनी केली. जून २००९ मधल्या दुसऱ्या ज्युरीने तर गाण्यामागे ८०,००० डॉलर लावले, एकूण १९ लाख २० हजार. डेव्हिस यांनी ती रक्कम ५४,००० वर आणली, कंपन्यांनी ती नाकारली, आणि तिसऱ्या ज्युरीने १५ लाख डॉलर दिले. तीन ज्युऱ्या, तीच २४ गाणी, आणि आकड्यांत इतकी तफावत! ‘७५० ते १,५०,०००’ एवढे रुंद मैदान दिल्यावर नेमके कुठे थांबायचे, हे कायदा ज्युरीला सांगतच नाही.

बॉस्टनच्या एका विद्यार्थ्याला ३० गाण्यांसाठी ६,७५,००० डॉलर भरपाई लागली. न्यायाधीश नॅन्सी गर्टनर यांनी ती दहा टक्क्यांवर आणली, पण वरच्या न्यायालयांतून मूळ रक्कमच कायम झाली.

खरा पेच इथे होता. दंडात्मक भरपाईला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीच्या खटल्यात आणि २००३ मध्ये स्टेट फार्म विमा कंपनीच्या खटल्यात लगाम घातला होता. दंड प्रत्यक्ष नुकसानाच्या एकअंकी पटीपलीकडे गेला तर तो सहसा घटनेत बसणार नाही, अशी ती दिशा. दोन्ही वेळा दिलासा मोठ्या कंपनीला मिळाला. डाउनलोड करणाऱ्यांनी हाच लगाम आपल्यासाठी मागितला, तेव्हा अपील न्यायालयांनी सांगितले की ही भरपाई वैधानिक आहे. कायद्यातच मर्यादा छापलेली असल्याने प्रतिवादीला पूर्वसूचना होती. कसोटी लावली ती १९१९ च्या एका खटल्यातली. त्या खटल्यात एका रेल्वे कंपनीने प्रवाशाकडून ६६ सेंट जास्त घेतले होते आणि ७५ डॉलरांचा दंड वैध ठरला होता, म्हणजे सुमारे ११३ पट. एका गाण्याची तेव्हाची ऑनलाइन किंमत ९९ सेंट धरली, तर ९,२५० डॉलर हे नऊ हजार पटींहून जास्त होतात. खुल्या फोल्डरातून किती प्रती पसरल्या ते कळणारच नाही, हा कंपन्यांचा युक्तिवाद वजनदार होता, हे मान्य करावे लागेल. तरीही कंपनीला मिळणारे संरक्षण घरातल्या माणसाला मिळू नये, हे खटकते. सप्टेंबर २०१२ मध्ये मिनेसोटाच्या प्रकरणात अपिलात पहिल्या ज्युरीचे २,२२,००० डॉलरच पुन्हा कायम झाले आणि मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी ‘दर कृतीमागे’ ठरलेली भरपाई नाही. कलम ५५ खाली नुकसान दाखवून भरपाई मागावी लागते. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या व्यापारचिन्ह व प्रताधिकाराच्या प्रकरणात ५ लाख रुपये दंडात्मक भरपाई दिली. त्या निकालामागची भूमिका त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने २०१४ मध्ये अमान्य केली: आधी सर्वसाधारण भरपाई ठरावी, दंडात्मक भरपाईचा विचार त्यानंतर.