किल्ली एकाकडे, मालकी सगळ्यांची

समजा, इंदूरच्या आठ-दहा जणांनी हौसेने मराठी शुद्धलेखन तपासण्याचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि तीन वर्षांनी त्याचा परवाना बदलायचा ठरवला. संमती कोणाची लागेल? रिपॉझिटरीची (कोड ठेवण्याच्या सामायिक कोठाराची) किल्ली ज्याच्या हातात आहे त्याची एकट्याची पुरत नाही. ज्याचा ज्याचा कोड आत आहे त्या प्रत्येकाची लागते. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 प्रमाणे पहिला मालक लिहिणारा. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मात्र, वेगळा करार नसेल तर, मालकाचा, म्हणजे कंपनीचा. आयटीतल्या हौशी मंडळींचं घोडं बहुधा इथेच अडतं.

ही अडचण जुनीच. 1985 मध्ये स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ग्नू या आपल्या मुक्त सॉफ्टवेअर उपक्रमातल्या अनेक प्रकल्पांसाठी लिहिणाऱ्यांकडून हक्क लेखी लिहून घेतले, म्हणजे दावा लावायला एकच धनी. लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याने, तसं केलं नाही. 2007 मध्ये त्याच्या जीपीएल या परवान्याची तिसरी आवृत्ती आली, कर्नल दुसरीवरच राहिला. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांना ती पटली नव्हतीच. पटली असती तरी हजारो मालकांच्या सह्या कोण गोळा करणार?

2003 मध्ये एससीओ या कंपनीने, आपला युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घातला म्हणून, आयबीएमवर दावा ठोकला, तेव्हा कुठली ओळ कुठून आली हे दाखवायची वेळ आली. त्यातून 2004 पासून कर्नलला दिलेल्या प्रत्येक पॅचखाली (कोडमधल्या बदलाखाली) ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहिण्याची पद्धत पडली. यात हक्क हस्तांतरित होत नाहीत; ‘हे देण्याचा मला अधिकार आहे’ एवढीच ग्वाही असते. पुष्कळांची इथे गल्लत होते.

इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरने परवाना बदलण्यासाठी 2017 मध्ये सुमारे 400 योगदानकर्त्यांना पत्रं पाठवली. उत्तर न देणाऱ्यांची संमती गृहीत धरू, असं म्हटल्यावर टीका झाली, आणि ती रास्तच होती. नव्या, अपाची परवान्याखालची ओपनएसएसएलची 3.0 आवृत्ती आली 2021 मध्ये.

आपल्याकडे हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं. ‘सगळे हक्क संस्थेला दिले’ एवढ्यावर भागत नाही: कलम 19 प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. घेणारी संस्थाही कायद्याने अस्तित्वात हवी. मध्य प्रदेशात सोसायटीच्या पंजीयनाला किमान 7 सदस्य लागतात. ते होईपर्यंत डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि साइनिंग की (आवृत्ती अस्सल असल्याची डिजिटल सही करण्याची किल्ली) ज्याच्या नावावर असेल, व्यवहारात सत्ता त्याचीच. कोडची मालकी मात्र सगळ्यांत विखुरलेली.