ओठाचा एक कोपरा

नागपूरच्या बर्डीवर सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्याशी दहा मिनिटं उभं राहावं. "काय बे, काहून उशीर केला?" असं विचारत एक मित्र दुसऱ्यापुढे स्वतःची प्लेट धरतो. तेवढ्यात एका गाडीची काच खाली येते. प्लेटा विसळणाऱ्या माणसाकडे न बघताच आतून आवाज येतो, "ए बे, दोन प्लेट लाव." 'बे' दोन्हीकडे आहे. एकात माया, दुसऱ्यात तुच्छता. विसळणाऱ्याला ती शब्द संपायच्या आत कळते.

कळते ती सुरावरून, नजरेवरून आणि ओठांवरून. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये तुच्छतेची खूण नोंदवली: ओठाचा एकच कोपरा आवळतो आणि जरासा वर जातो. आनंद, भीती, दुःख चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना उमटतात. ही एकाच बाजूला. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी ती ओळखली.

राग वेगळा. ॲग्नेटा फिशर आणि आयरा रोझमन यांच्या २००७ च्या अभ्यासात रागावलेली माणसं आधी भांडत, पण पुढे समेटाकडे वळत. तुच्छ लेखणारी माणसं समोरच्याला दूर सारत. रागाला समोरच्याकडून काहीतरी हवं असतं. तुच्छतेच्या हिशेबात तो माणूसच नसतो. म्हणून मला शिवीपेक्षा ते न बघणं जास्त क्रूर वाटतं.

त्याची झळ तिसऱ्यालाही लागते. इस्राएलमध्ये नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागांतल्या २४ पथकांवर एक प्रयोग झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही पथकांना पाहुण्या तज्ज्ञाकडून हिणवणारे शेरे ऐकायला लागले, काहींना साधे. मग सर्वांनी पुतळारूपी बाळावर उपचार केले. हिणवलेल्यांचं निदानही घसरलं आणि हातही. खरं बाळ असतं तर?

आणि काही वेळा शब्द लागतच नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, पिढ्यान्‌पिढ्यांची अवहेलना झुगारून. त्याच शहरातल्या फ्लॅटांत आजही काही ओट्यांखाली कामाला येणाऱ्या बाईचा वेगळा कप असतो. घरातला कान तुटलेला कप फेकत नाहीत, तिच्यासाठी ठेवतात. चहा मात्र सगळ्यांचा एकाच पातेल्यातला.