मुदत संपली की पर्ज झाला?

आमच्या बातम्यांच्या साइटवर पानाची साठवलेली प्रतच वाचकाला दिली जाते, त्या साठ्याला कॅश म्हणतात. ‘कॅश गेला का?’ असं डेस्कवरून कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: मुदत संपली का म्हणताय, की पर्ज झाला का, म्हणजे प्रत मुद्दाम काढून टाकली का? दोन्हींनंतर नवं पान दिसतं, म्हणून घोळ होतो.

मुदत घड्याळावर चालते. पानासोबत जाणाऱ्या सूचनांमध्ये, म्हणजे हेडरमध्ये, ‘मॅक्स-एज=600’ (सेकंद) असेल तर प्रत 10 मिनिटं ताजी धरली जाते, तोवर मूळ सर्व्हरला कुणी विचारतही नाही. उपसंपादकाने मधेच मजकूर बदलला, हे कॅशच्या गावीही नसतं. आणि मुदत संपली म्हणजे प्रत पुसली गेली, असंही नाही. कॅश ईटॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, दाखवून विचारतो, ‘बदललंय का?’ बदललं नसेल तर सर्व्हर नुसता 304 (‘बदल नाही’ असा कोड) देतो आणि तीच प्रत पुन्हा कामाला लागते.

पर्जला घड्याळ नाही. ‘अपडेट’ दाबलं की सीएमएस (बातम्या लिहून प्रसिद्ध करायची प्रणाली) सीडीएनला (मूळ सर्व्हर आणि वाचक यांच्यामध्ये प्रती ठेवणारं सर्व्हरचं जाळं) सांगतो, ही प्रत टाकून दे.

एका शनिवारी रात्री मेगाब्लॉकच्या बातमीत माटुंगा-मुलुंडची वेळ सुधारली, पर्जही केला, तरी डोंबिवलीहून वाचकाचा फोन: ‘अहो, जुनीच वेळ दिसतेय.’ पर्ज सीडीएनपर्यंत पोचला होता. त्यांच्या फोनमधल्या ब्राउझरच्या प्रतीपर्यंत त्याचा हात पोचतच नाही. तिथे फक्त मुदत चालते, आणि आम्ही ती तासाभराची ठेवली होती. त्या वेळेवर विसंबून माणसं लेकराबाळांसह फलाटावर येऊन उभी राहतात, म्हणून मला ही चूक किरकोळ वाटत नाही. तेव्हापासून सीडीएनसाठीची मुदत, ‘एस-मॅक्सएज’, लांब, जोडीला पर्ज, आणि ब्राउझरसाठी ‘नो-कॅश’. हे नाव फसवं आहे. प्रत ठेवा, पण वापरण्याआधी विचारा, असा त्याचा अर्थ. मुळीच ठेवू नका, हे सांगायला ‘नो-स्टोअर’ लागतं.

नुसतं बातमीचं पान पर्ज करूनही भागत नाही. मुखपृष्ठ, विभागाचं पान, टॅगचं पान, सगळीकडे तोच मथळा असतो. पानांना कॅश-टॅग, म्हणजे कुठल्या पानात कुठली बातमी आहे त्याच्या खुणा, लावून ठेवले की नेमकी तेवढीच काढता येतात. धो धो पावसात लोकल ठप्प असताना ‘पर्ज ऑल’ला, म्हणजे सगळ्याच प्रती काढण्याला, हात लावू नये, सगळी गर्दी एकदम मूळ सर्व्हरवर कोसळते. आणि क्रम सांभाळावा: आधी डेटाबेसमध्ये सेव्ह, मग पर्ज. उलटं झालं तर मधल्या क्षणात आलेला वाचक जुनंच पान पुन्हा कॅशमध्ये बसवून जातो, आणि ते पुढची अख्खी मुदत तिथेच ठाण मांडतं.